बुटक्या गव्हाचा पाव

कोपरखैरणे
१२ नोव्हेंबर २०२४

मानसिंग,

ब्लॉक केलेल्या बहिणीचा आशीर्वाद घे. नको असला तरी घे, आशीर्वाद परत पाठवायची सोय पोस्टात नाही.

तुला फोन लावला की एक बाई काहीतरी बोलते आणि कट होतो. तुझ्या दाजींच्या फोनवरून लावला, तेच. मोनालीच्या फोनवरून लावला तेव्हा छान ‘हॅलो’ म्हणालास आणि माझा आवाज ऐकल्याबरोबर ठेवून दिलास. आता भाचीचाही नंबर ब्लॉक! शाब्बास. म्हणून हे पत्र. फाडलंस तर सगुणा तुकडे जोडून वाचेल, मला माझी भावजय चांगली माहीत आहे.

भाऊबीजेला जे केलंस ते मी विसरलेले नाही. मी ओवाळायला ताट घेऊन उभी. तू ताटात साडी ठेवशील, पाकीट ठेवशील, अगदी सुपारी ठेवली असतीस तरी मी ओवाळलं असतं. तू ठेवलंस हक्कसोडपत्र. वर पेन. आणि सगळ्या भावकीसमोर म्हणालास, “अक्का, तुझ्या एकरावरची सही करून टाक. चोळी-बांगडी मरेपर्यंत करीन.” थोरल्या आत्यानं तर मला कोपऱ्यात घेऊन समजावलं, की बहिणीनं सही केली म्हणजे माहेर टिकतं. का रे? मी जन्मले त्या घरात, वाढले त्या घरात, आणि माझं माहेर एका सहीवर टांगलेलं?

मी म्हणाले, बाबांचा तो ओढ्याकडचा एकर मला पिकवायचा आहे. त्यावर सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं तू. “कोपरखैरण्यात पाव भाजणारी बाई गहू पिकवणार!”

पाव भाजणारी बाई, बरोबर आहे. आणि तुला तेच झोंबतंय. दोन वर्षांपूर्वी तू पाठवलेल्या लोकवन गव्हाचा मी पाव केला, तो फुगला नाही, त्याची वीट झाली, आणि मी ते जत्रेत सगळ्यांसमोर सांगितलं. खरं तेच सांगितलं. तुझा गहू चपातीला लोण्यासारखा आहे, पण पावाला लागतो तसा त्याच्या पिठात ताण नाही. गहू चांगला नाही असं मी कधी म्हणाले नाही. पण तू ऐकतोस कुठं!

तर पैज तू लावलीस, मी नाही, हे लक्षात ठेव. यंदाचा एक हंगाम. माझ्या एकराचा उतारा तुझ्या एकरापेक्षा जास्त आला पाहिजे, आणि त्याच गव्हाचा, बाहेरचं चिमूटभर पीठ न घालता, पाव असा फुगला पाहिजे की भावकीनं बघत राहावं. दोन्ही जमलं तर सहीचं नाव पुन्हा काढायचं नाही. एक जरी हुकलं तर अक्षय तृतीयेला मुकाट्यानं सही.

बियाणं मी आणलंय. संशोधन केंद्रातल्या मॅडमना तीनदा भेटून आणलंय. खास पावासाठी काढलेलं वाण आहे, उतारा भरपूर. राहीकाकूला कसायला सांगितलंय. परवा पेरणी. बांधावर उभा राहून बघायचं असलं तर बघ, बघायला पैसे पडत नाहीत.

तुझी थोरली बहीण,
उज्वला


कोपरखैरणे
९ डिसेंबर २०२४

मानसिंग,

गहू उगवला. काकूनं व्हिडिओ पाठवला, त्यात अर्धा काकूचा अंगठा आणि अर्धा गहू. पण रेघा दिसल्या रे! सरळ, हिरव्या, कुठं तुटलेल्या नाहीत. मी गाळ्यात पीठ मळता मळता तो व्हिडिओ इतक्या वेळा लावला की मोनाली म्हणाली, आई, बास, मोबाईलला पीठ लागलं.

विहिरीच्या पाण्याची पाळी तुझ्या हातात आहे. खरं सांगते, मला धाकधूक होती. गव्हाला पहिलं पाणी वेळेवर मिळालं नाही की तो पुढं कितीही लाड केले तरी सुधारत नाही. मी दाजींना म्हणाले पण, की मानसिंग इथंच मला बुडवणार. काल काकू फोनवर सांगत होती, की पाळीच्या दिवशी तू स्वतः येऊन मोटर चालू केलीस, पाण्याचं दारं माझ्या रानाकडं फिरवलंस आणि निघून गेलास.

आभार मानणार नाही. पाळी माझीच होती. पण बरं वाटलं.

तुला वाटतं मी हे हट्टापायी करते. हट्ट आहेच, बाबांकडून आलाय, तुझ्यातही काही कमी नाही. पण त्याहून जास्त काहीतरी आहे. इथं खारघरच्या टॉवरमधल्या बायका माझ्याकडून पाव नेतात. ‘होल व्हीट’ पाहिजे, ‘मैदा नको’, ‘काकू, हा गहू कुठला?’ असं विचारतात. मला सांगता येत नाही. बाहेरून पोती येतात. आजचं पीठ फुगतं, उद्याचं बसतं, आणि शिव्या मी खाते. मला एकदा, एकदा तरी त्यांना सांगायचंय, की हा गहू माझ्या रानातला आहे. माझ्या. माहेरचा नाही, भावाचा नाही, माझा.

एवढंच. थंडी पडू दे म्हणावं देवाला. गव्हाला थंडी लागते आणि इथं नवी मुंबईत अजून पंखे चालू आहेत.

उज्वला


कोपरखैरणे
२० जानेवारी २०२५

मानसिंगराव,

राव म्हटलं, कारण परवा बांधावर तुमचा थाट रावासारखाच होता.

झालं असं (तुला माहीत आहेच, पण तुझ्या तोंडावर सगळं पुन्हा सांगायला मला मजा येते), की संक्रांत झाली, गहू पोटरीतून बाहेर आला, ओंब्या दिसायला लागल्या. मॅडमनी मला बजावून सांगितलं होतं, की पावाचा गहू पाहिजे तर युरियाचा शेवटचा हात ओंब्या निघताना द्यायचा. त्यानं उतारा फारसा वाढत नाही, पण दाण्यात ताकद येते, पीठ ताणलं जातं. मी काकूला फोनवर सांगितलं. काकू भडकली. “ओंब्या आल्यावर कुणी युरिया टाकतं व्हय? लोकं हसतील गं पोरी मला. मी न्हाई टाकायची.” काकूनं हात वर केले म्हटल्यावर मी बेकरी मोनालीवर टाकली, एसटी पकडली आणि आले.

मी पदर खोचून युरिया फेकतेय आणि तू पलीकडं म्हैस घेऊन उभा. मला एक शब्द बोलला नाहीस. म्हशीला मात्र बोललास, चांगलं खणखणीत: “बघ गं बाई, शहरातली माणसं आली की कसं खत मातीत घालतात!”

मग मी पण म्हशीलाच सांगितलं, “मालकाला सांग, मार्चमध्ये पाव खायला ये म्हणावं.”

तू म्हशीला म्हणालास, “यांचा गहू माझ्या गुडघ्याला लागतोय. माझा बघ, कमरेच्या वर गेलाय. बुटक्या गव्हाचा कसला उतारा?”

मी म्हशीला म्हणाले, “मालकाची उंचीही गावात सगळ्यात कमी आहे, पण आवाज बघ केवढा.”

काकू हसून बांधावर बसली. तुझ्या तोंडावर पण हसू आलं होतं. तू तोंड फिरवलंस, पण मी बघितलं. म्हैस मात्र शेवटपर्यंत कुणाच्या बाजूनं बोलली नाही.

तू गेल्यावर मी सगळ्यात आधी निघालेली, दाणा धरलेली एक ओंबी तोडली, हातावर चोळली आणि कोवळे दाणे तोंडात टाकले. तसेच चावत राहिले, लहानपणी आपण चिंगम करायचो तसे. आठवतं का, तू नेहमी गिळून टाकायचास आणि मग माझ्या तोंडातलं मागायचास? दाणा अजून दुधावर होता, म्हणून मोठा गोळा झाला नाही. पण जरा चिकट तार आली रे. लोकवनची एवढी यायची नाही. मी तिथंच रानात उभी राहून हसले. लोकांना वाटलं असेल, बाई येडी झाली.

बुटका आहे म्हणून चिडवतोस, चिडव. मला तो आवडतो.

उज्वला


कोपरखैरणे
२४ फेब्रुवारी २०२५

मानसिंग,

काकूनं सांगितलं. काय वारं सुटलं होतं म्हणे रविवारी! तुझा गहू ओढ्याच्या बाजूनं लोळला. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. कमरेएवढा वाढलेला, दाणा भरत आलेला गहू जमिनीवर झोपलेला बघायचा म्हणजे काय, ते मला कळतं. तुझा जीव किती तुटला असेल तेही कळतं.

पण मानसिंग, माझा बुटका उभा आहे! सगळाच्या सगळा! काकू म्हणाली, एक काडी वाकली नाही. त्याची उंची कमी, म्हणून वाऱ्याला धरायला काही सापडलंच नाही. मी गाळ्यात टाळ्या वाजवल्या. मोनालीनं विचारलं, मामाचा गहू पडला म्हणून टाळ्या? मी म्हणाले, नाही गं, माझा उभा राहिला म्हणून. खरं तर दोन्ही मनात एकदम चाललं होतं. बहिणीच्या पोटात काय काय चालतं ते भावाला कशाला कळायला पाहिजे?

लोळलेल्या भागात पाळीचं पाणी साचलेलं असेल, ते काढून दे लगेच. ओंब्या ओल्यात राहिल्या की दाणा काळा पडतो. हे तुला माहीत आहे, मी आपलं सांगितलं.

उज्वला


कोपरखैरणे
२३ मार्च २०२५

मानसिंग, अरे मानसिंग!

एकोणीस क्विंटल! माझ्या एकराला एकोणीस क्विंटल!

मळणी यंत्राच्या तोंडाला मी स्वतः पोतं धरून उभी होते, भुसा डोळ्यांत, केसांत, ब्लाउजमध्ये, आणि दाणे असे टपटप, टपोरे, पिवळेधमक. तू तुझ्या खळ्यावर होतास. तुझे चौदाच्या वर नाही भरले, पडला म्हणून. पडला नसता तरी सोळाच्या पुढं गेला नसता, हे तूही मनात म्हणालास. तुझं तोंडच सांगत होतं.

पैजेतलं एक झालं. आता पाव. तेवढं झालं की माझा एकर माझा. बघशील तू, भावकीला असा पाव खाऊ घालीन की आत्याची दातांची कवळीसुद्धा खूश होईल.

खर्च निघावा म्हणून बराचसा गहू व्यापाऱ्याला खळ्यावरूनच दिला. बेकरीसाठी दहा पोती काकूच्या घरी ठेवलीत, ती एप्रिलमध्ये इकडं येतील. पुढच्या पेरणीच्या बियाण्याची दोन पोती तुझ्या कोठीत ठेवलीत. काकूच्या घरात उंदीर फार आणि तुझी कोठी पत्र्याची. सगुणानं ‘ठेवा की’ म्हटलं. तू किल्ली कमरेची काढून तिच्या हातात दिलीस आणि दुसरीकडं बघत उभा राहिलास. तेवढं चालेल.

इथं सगळ्या गल्लीला पेढे वाटले. दाजी दाणाबाजारात सगळ्या माथाड्यांना सांगत सुटलेत, “आमच्या हिच्या रानात एकोणीस!” आयुष्यभर दुसऱ्यांच्या गव्हाची पोती पाठीवर वाहिली या माणसानं, आता घरच्या गव्हाची वाहणार म्हणून छाती फुगलीय नुसती.

उज्वला, एकोणीस क्विंटलवाली


कोपरखैरणे
१५ एप्रिल २०२५

मानसिंग,

आज चिडवायला लिहीत नाही.

काकूनं दहाच्या दहा पोत्यांना एरंडेल लावलं.

तिचं काय चुकलं सांग? आपल्याकडं लेकीला वर्षाचा गहू पाठवायचा तर तो उन्हं दाखवून, एरंडेल चोळूनच पाठवतात. किडा लागू नये म्हणून. आई मला असाच पाठवायची. काकूनं गल्लीतल्या बायका बोलावल्या, चटयांवर गहू पसरला, दोन दिवस बसून दाणान् दाणा चोळला. गाणी म्हणत चोळला म्हणाली. मला सांगायचं तिच्या डोक्यात आलं नाही आणि एरंडेल लावू नका हे सांगायचं माझ्या डोक्यात आलं नाही. घरच्या चक्कीवर चपातीचं पीठ दळायचं असतं तर काही बिघडलं नसतं.

पण पावासाठी गहू तुर्भ्याच्या गिरणीत दळायचा. तिथं दळण्याआधी गव्हाला पाणी पाजतात, रात्रभर मुरवतात, मग साल वेगळी निघते. नंदकुमारनं, गिरणीवाल्यानं, पोतं उघडून पाणी शिंपडलं. पाणी दाण्यावरून घरंगळून खाली. तो हातात दाणे घेऊन म्हणाला, “ताई, ह्यानं तेल प्यायलंय, आता हा पाणी कुठून पिणार?” मी म्हटलं, तरी दळ. दळलं. पीठ चिकट, कोंडा वेगळा निघेना, आणि वास. मोनालीनं त्याचा पाव केला. फुगला नाही, आणि भट्टीतून बाहेर काढला तर जुलाबाच्या औषधाचा वास साऱ्या गाळ्यात. गहू धुऊन बघितला, उन्हात वाळवून बघितला. वास जात नाही. व्यापाऱ्याकडं गेलेला माझा गहू कधीच दुसऱ्यांच्या गव्हात मिसळून गेला.

काकूला मी फोनवर सांगितलं, काही झालं नाही, छान झाला पाव. खोटं बोलले. पण मोनालीनं सगुणाला खरं सांगितलं, आणि तिच्याकडून कळल्यापासून काकू रडत बसलीय आणि सारखी म्हणते, मी मानसिंगला मागते. मी तिला म्हटलं, खबरदार.

आता बिनतेलाचा माझा गहू जगात एकाच ठिकाणी आहे. तुझ्या कोठीत, बियाण्याची दोन पोती. बियाण्याला एरंडेल लावत नाहीत म्हणून ती वाचली. किल्ली तुझ्या कमरेला.

मी मागणार नाही. मागितला तर जन्मभर म्हणशील, भावाच्या दयेवर पैज जिंकली. आणि तू न देणं हेही काही पाप नाही. तू काहीच केलं नाहीस, नुसता गप्प बसलास, तरी पंधरा दिवसांत एकर तुझा.

मग हे पत्र का लिहिलं, ते मला धड सांगता येत नाही. दाजींसमोर रडले तर ते म्हणतील सोड तो नाद. मोनालीसमोर रडता येत नाही, ती माझ्याकडं बघून उभी राहते. लहानपणी मी पडले की तुझ्याजवळ येऊन रडायचे, तू माझ्याहून लहान असून. आज तेवढंच करतेय. जमीन गेली तर जाईल. पण तो गहू उभा राहिला होता रे. तो चांगला गहू होता.

उज्वला


कोपरखैरणे
२१ एप्रिल २०२५

मानसिंग,

काल दुपारी दाजी दाणाबाजारातून घरी आले ते पाठीवर पोतं घेऊनच. टेम्पो नाही, रिक्षा नाही. म्हणाले, “हे दुसऱ्या कुणाला उचलू दिलं नाही.”

तुमच्या गावच्या यशराजच्या, आलं बाजारात आणणाऱ्या ट्रकमधून आलं म्हणे. आल्याच्या पोत्यांखाली, ताडपत्री घालून, पावसाचा थेंब लागू नये असं बांधून. चिठ्ठी नाही, निरोप नाही. यशराजनं एवढंच सांगितलं, “मानसिंग नानांनी सांगितलंय, हे हातात द्या, ठेवून येऊ नका.”

मी पोत्यात हात घातला. कोरडा, खरखरीत, कसला वास नाही. मग मी मोठ्यानं रडले, सगळ्यांसमोर.

रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या डोक्यात आलं. पोती दोन होती. पाठवलंस एक. आधी मी रागावले, म्हटलं हा अर्धंच देतो. आणि मग उठून बसले. दुसरं तू पेरणीसाठी ठेवलंस. म्हणजे येत्या नोव्हेंबरला माझ्या एकरात मीच पेरणार, हे तू पाव होण्याआधीच धरून चाललायस. तुझ्या हातानं हरायला निघालास, आणि वर माझं बी राखून ठेवलंस.

गाढवा. माझ्या गाढवा.

उज्वला


कोपरखैरणे
२५ एप्रिल २०२५

फुगला! फुगला! फुगला!

नंदकुमारनं पाणी शिंपडलं, दाण्यानं पाणी प्यायलं. पीठ असं आलं, किंचित पिवळसर, हाताला रव्यासारखं लागणारं. मोनालीनं मळलं आणि गोळ्याचा तुकडा दोन्ही हातांनी ओढला. ओढतेय, ओढतेय, तुटत नाही. इतका पातळ ताणला की पलीकडची ट्यूबलाईट दिसली. ती ओरडली, “आई, बघ!” तुझ्या लोकवनचा इतक्यात फाटून हातात आला असता. शप्पथ, टोमणा नाही, जे आहे ते आहे.

साच्यात घातला तेव्हा तळाला होता. झाकून ठेवला, तासाभरानं फडकं वर उचललेलं. भट्टीत गेल्यावर साच्याच्या वर आला, आणखी वर आला, सोनेरी टोपी घालून उभा राहिला. बाहेरचं पीठ चिमूटभरसुद्धा नाही. मी भट्टीच्या काचेपुढं खाली बसून बघत होते, तुझे दाजी माझ्या मागं, आणि गाळ्यात कामाला येणाऱ्या बायका त्यांच्या मागं. काढला तेव्हा सगळ्यांनी आरडाओरडा केला. शेजारचा झेरॉक्सवाला धावत आला, त्याला वाटलं आग लागली.

कापला. आत जाळी कशी, बारीक आणि सारखी! दाबला की खाली जातो, सोडला की वर येतो. गरम होता, थांबायला पाहिजे होतं, पण कोण थांबतंय. चव... मानसिंग, ती आपल्या रानाची चव होती. मला दुसरं काही म्हणता येत नाही.

संध्याकाळी खारघरची एक बाई आली. नेहमीसारखं विचारलं, “काकू, गहू कुठला?”

मी छाती पुढं काढून सांगितलं, “माझ्या रानातला.”

ती म्हणाली, “अच्छा,” आणि दोन घेऊन गेली. तिला काय कळणार मी काय बोलले ते! पण मी बोलले.

अक्षय तृतीयेला पाव घेऊन येतेय. सगळ्या भावकीला बोलाव. आत्याला पुढं बसव.

उज्वला


कोपरखैरणे
३ मे २०२५

प्रिय मानसिंग,

एसटीच्या खिडकीखाली उभं राहून तू जे विचारलंस त्याचं उत्तर मी दिलं नाही. गाडी सुटत होती हे कारण नव्हतं. आता देते, नीट बसून.

आधी मला त्या दिवसाचं सगळं पुन्हा बोलू दे, कारण मला ते परत परत बोलावंसं वाटतं. टोपलीवरचं फडकं काढलं तेव्हा पडवीतले सगळे पुढं सरकले! आत्यानं पाव दोन्ही हातांनी उचलून वजन बघितलं आणि म्हणाली, “अगं, हा तर हलका फुल आहे. खरंच आपल्या गव्हाचा?” आणि मी काही बोलायच्या आत तू म्हणालास, “अक्काच्या गव्हाचा.” आपल्या नाही. अक्काच्या. भावकीनं ऐकलं. ज्यांनी भाऊबीजेला माना डोलवल्या होत्या त्यांनी परवा पावाला हात पुढं केले. काकूला पहिला तुकडा मी भरवला, ती एरंडेलाचं आठवून पुन्हा रडायला लागली, तर तू म्हणालास, “काकू, तू चोळलं नसतंस तर मला ट्रकमधून पोतं पाठवायला कुठं मिळालं असतं?” आणि सगळे हसले. ती पण हसली. तुझ्या तोंडून काकूसाठी ते आलं, मला फार बरं वाटलं. सहीचं नाव कुणी काढलं नाही. तू तो कागद बंबात घातल्याचं सगुणानं मला नंतर चुलीपाशी सांगितलं.

मला वाटलं, संपलं. जिंकले, पाव वाटला, चालले घरी.

आणि तू एसटीपर्यंत पिशवी घेऊन आलास. मी चढले, खिडकीशी बसले, आणि तू खालून, डोक्यावरची टोपी काढून म्हणालास, “अक्का, माझ्याकडं ठेवलेल्या पोत्यातलं निम्मं बी मला देशील का? पुढच्या मळणीला सवाईनं परत करीन.”

सवाईनं. मानसिंग, भाऊ बहिणीकडून काही घेतो तेव्हा असं बोलतो का? भाऊ बहिणीला चोळी देतो, बांगडी देतो, पाठवणी करतो. सवाईची बोली, एक पोतं नेलं तर सव्वा परत, ही गावात शेतकरी शेतकऱ्याशी करतो. बाबा शेजारच्या रानातून बी आणायचे तेव्हा अशीच टोपी काढून उभे राहायचे, आणि दोन्हीकडची माणसं बरोबरीची असायची. मला आयुष्यात असं कुणी कधी विचारलं नव्हतं. शेजारी बसलेली बाई मला विचारत होती, “काय झालं हो?”

निम्मं बी घे. सवाई कबूल. एक दाणा कमी घेणार नाही, आणि एक जास्त दिलास तरी घेणार नाही. पेरणी माझ्या आधी करू नकोस, पहिलं पाणी चुकवू नकोस, आणि ओंब्या निघताना युरिया घाल. तुझ्यावर लोक हसतील, तेव्हा मी बांधावर येऊन उभी राहीन.

तुझ्या बांधाला बांध लागून असलेली शेतकरीण,
उज्वला